डावं मागचं चाक

४ जानेवारी, सकाळी ९.१०

नवीन वही. आधीच्या वहीत नोंदी कमी आणि चिडचिड जास्त झाली होती. या वहीत फक्त नोंदी.

निर्णय: यापुढे वेगवेगळ्या मॉडेल गाड्या जोडत बसायचं नाही. एकच किट निवडायचं आणि तेच पुन्हा पुन्हा जोडायचं, निर्दोष होईपर्यंत. आजवर एकवीस गाड्या जोडल्या. प्रत्येकीत काही ना काही राहिलं, आणि पुढचं किट दरवेळी वेगळं असल्यामुळे चूक माझी की किटची हे कधी सिद्धच झालं नाही. कारखान्याच्या मोजमाप विभागात चार वर्षं काढलेल्या व्यक्तीला हे शोभत नाही.

परवा ताईने सांगितलं की ३० मार्चला ती रजिस्टर लग्न करतेय आणि त्याच दिवशी नवऱ्याच्या शहरात राहायला जातेय. अभिनंदन केलं. वरच्या निर्णयाचा याच्याशी संबंध नाही. नोंद असावी.

४ जानेवारी, संध्याकाळी ६

निवड वस्तुनिष्ठ व्हावी म्हणून तक्ता केला. पाच किटं, आठ निकष, प्रत्येक निकषाला भारांक. भागांची बसणी, काचेचा स्वच्छपणा, साच्याच्या रेघा वगैरे.

निकाल: लाल स्पोर्ट्स कार पहिली. छोटी हॅचबॅक चौथी.

तक्त्यात त्रुटी आढळली. 'पूर्वानुभव' हा निकष राहून गेला होता. तो घातला. भारांक चाळीस. आता हॅचबॅक पहिली.

माप १:२४, भाग ९४. मी नऊ वर्षांची आणि ताई तेरा वर्षांची असताना दोघींनी मिळून जोडलेली पहिली गाडी हीच. ताईने तक्ता पाहिला आणि म्हणाली, मायक्रॉन (ती मला याच नावाने हाक मारते), एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ हवी ती घे ना. ताई दातांच्या लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या बनवते. तिच्याकडे पेशंटला चावता आलं की काम पास. आमच्याकडे तसं चालत नाही.

११ जानेवारी, दुपारी

क्र. १ पूर्ण. सूचनापत्रक उघडावं लागलं नाही. हे किट मला पाठ आहे, ताईने शिकवलंय.

काचेच्या सपाट प्लेटवर ठेवली. तीन चाकं टेकतात. डावं मागचं टेकत नाही. फीलर गेजच्या पट्ट्या एकेक करून खाली सरकवल्या. फट ०.८ मिलिमीटर.

ताई म्हणाली छान झालीय, मला जाताना एक दे. मी म्हटलं देईन, पण चारही चाकं टेकणारी. ती म्हणाली कुठलीही चालेल. 'कुठलीही' हे माप नाही.

तर मुदत ठरली: ३० मार्च. अकरा आठवडे. भरपूर आहेत.

१९ जानेवारी

क्र. २ पूर्ण. डावं मागचं चाक, ०.८.

वाईट वाटायचं कारण नाही. उलट दोन वेळा तंतोतंत तीच चूक येणं म्हणजे माझा हात किती स्थिर आहे याचा पुरावा. हात स्थिर आहे म्हणजे दोष साच्यात आहे.

किटांच्या दुकानातले काका म्हणाले, तेच किट तिसऱ्यांदा? क्लास काढलाय का? मी सांगितलं, चाचणी चालू आहे. शिल्लक असलेली सगळी खोकी माझ्या नावाने बाजूला ठेवायला सांगितली. त्यांनी शब्द दिला.

२५ जानेवारी, सकाळी

कपाटावरून बुटांचं खोकं काढलं. पंधरा वर्षांपूर्वीची मूळ गाडी आत आहे. समोरची काच हरवलीय. रंग म्हणजे ताईचं लाल नेलपॉलिश, दोन हात. प्लेटवर ठेवली.

डावं मागचं चाक. ०.८.

म्हणजे साचा किमान पंधरा वर्षं सदोष आहे. याहून भक्कम पुरावा मिळणं कठीण. आजपासून ही गाडी माझा मास्टर पीस. बाकी सगळ्या हिच्याशी ताडून पाहायच्या.

ती डुगडुगते हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीची नजर म्हणून चांगलीच. तेव्हा ताईने सांगितलं होतं की ही गाडी अशीच असते, पळायच्या तयारीत असल्यामुळे एक पाय उचलून उभी राहते. तिला तांत्रिक माहिती नव्हती, पण निरीक्षण अचूक होतं.

२ फेब्रुवारी

क्र. ३. तेच.

किटच्या कंपनीला पत्र पाठवलं. चार पानं, दोन आलेख, सहा फोटो. भाषा सौम्य ठेवली. 'अक्षम्य' हा शब्द एकदाच वापरला.

ताईला वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता कुठेतरी थांबली आणि म्हणाली, पाठवू नकोस गं, जाऊ दे. विचारलं का. म्हणाली, उगाच. तिचं लक्ष हल्ली कशातच नसतं.

९ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत क्र. ३ मोजणीच्या मोठ्या मशीनवर लावली. साहेब आले. कुठल्या कस्टमरचा पार्ट, असं विचारलं. म्हटलं, इंटर्नल. त्यांनी बराच वेळ गाडीकडे पाहिलं. तिला मी लाल टॅग बांधला होता. आमच्याकडे हिरवा म्हणजे मंजूर, लाल म्हणजे नामंजूर, आणि पिवळा म्हणजे दोष आहे हे माहीत असून, घेणाऱ्याच्या सहीने, आहे तसा स्वीकारलेला माल.

साहेब म्हणाले पिवळा लाव आणि पुढे चल. सगळ्याच बाबतीत तेच म्हणतात ते. मी चार वर्षांत एकही पिवळा टॅग लावलेला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताईचा होणारा नवरा जेवायला आला होता. पडदे शिवून बसवण्याचा धंदा आहे त्याचा. मनात मी त्याला 'अंदाजे' म्हणते, कारण तो प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू करतो. अंदाजे सहा तासांत पोचलो. अंदाजे दोन चमचे मीठ. आमच्या खिडकीकडे नुसतं पाहून म्हणाला, अंदाजे चार फूट.

तो गेल्यावर मोजली. १२१९ मिलिमीटर. म्हणजे चार फूट. योगायोग.

त्याने माझ्या गाड्यांबद्दल बरेच प्रश्न विचारले. मी हो किंवा नाही यांतलं जे योग्य होतं ते सांगितलं. नंतर ताई म्हणाली की तू त्याच्याशी अशी बोलतेस जसा तो तपासणीला आलेला माल आहे. मी म्हटलं, मालाला मी जास्त वेळ देते. ती हसली नाही.

ताई गेल्यावर होणारे फायदे लिहून ठेवते. जेवणाच्या टेबलाच्या मधोमध मी पिवळी टेप लावलेली आहे. खिडकीकडचा, उजेडाचा अर्धा भाग ताईचा. तिथे ती पाय वर घेऊन चहा पिते आणि एवढ्या चांगल्या उजेडाचं काहीही करत नाही. अदलाबदलीचा प्रस्ताव तीन वेळा मांडला, तीनदा फेटाळला गेला. ३० मार्चनंतर पूर्ण टेबल माझं.

इतर फायदे सुचले की लिहीन.

२३ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर आलं. तीन ओळी. माझ्या चिकाटीचं कौतुक, आणि 'कृपया सूचनापत्रकातील पायरी ११ पाहावी'. सोबत एक स्टिकर.

चार पानांना तीन ओळी. मूळ मुद्द्याला बगल देऊन ग्राहकालाच अडाणी ठरवायचं. पंधरा वर्षांची ओळख आहे आमची, आणि हे उत्तर. पायरी ११ मला पाठ आहे.

स्टिकर चांगला आहे. लावला नाही.

१ मार्च

क्र. ४ आणि क्र. ५ ओळीने पूर्ण केल्या. दोन्ही ०.८. दोन्हींना लाल टॅग.

सहावं आणि सातवं खोकं आणायला गेले तर काकांकडे एकच शिल्लक. दुसरं त्यांनी विकलं होतं. माझ्या नावाने बाजूला ठेवलेलं. कुणाला? एका गृहस्थाला. शब्द दिला होता त्याचं काय, असं विचारलं तर म्हणाले, फारच गोड बोलला हो तो. नवा माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

काकांवर माझा विश्वास होता. आता तेही कंपनीच्याच यादीत.

८ मार्च

क्र. ६ पूर्ण. ०.८. मुदतीला तीन आठवडे, आणि किट संपलं.

तत्त्वतः मी चाकं घासत नाही. दोष लपवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

८ मार्च, संध्याकाळी

उजवं मागचं चाक किंचित घासलं. आता डावं मागचं टेकतं, पण उजवं पुढचं उचललं जातं. ते जुळवायला डावं पुढचं घासलं. मग उजवं मागचं पुन्हा. गाडी आता सर्व बाजूंनी बुटकी झाली आहे आणि तरीही डुगडुगते. ताईने पाहिलं आणि म्हणाली, अगं, बिचारी बसली की खाली. तिला हसू आवरेना. मलाही येत होतं, पण मी मोजत होते.

हा प्रयोग ग्राह्य धरलेला नाही.

१५ मार्च, सकाळी ११.३०

घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं.

अंदाजे आला होता. हातात बिस्किटांचा डबा. आत बिस्किटं नव्हती, हॅचबॅक होती. माझीच हॅचबॅक. म्हणजे त्याने जोडलेली. काकांचे गोड बोलणारे गृहस्थ हेच. म्हणाला, घरात बोलायला काहीतरी विषय हवा तुमच्याशी, म्हणून मीही एक करून पाहिली.

समोरच्या काचेवर गोंदाने उमटलेला अख्खा अंगठा. एक आरसा गायब. रंग इतका जाड की दाराच्या फटी बुजल्यात. मी यादी करायला घेतली. आठव्या दोषापर्यंत मला बरं वाटत होतं.

मग त्याने ती माझ्या प्लेटवर ठेवली.

चारही चाकं टेकली.

फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी घेतली. ०.०५. गेली नाही. दुसरं गेज आणलं. गेली नाही. प्लेट पुसून पाहिली. अंदाजे अगदी ओशाळून म्हणाला की मला यातलं काहीच येत नाही ना, म्हणून पत्रकातली ओळ न् ओळ दोनदा वाचली.

ताई स्वयंपाकघरात होती. मघापासून एकच कप विसळत होती.

१५ मार्च, दुपारी ३

माझ्याकडे सहा सूचनापत्रकं आहेत. सहाही प्लास्टिकच्या पाकिटात, न उघडलेली. पहिलं उघडलं.

पायरी ११. भाग सी-१४, मागच्या आसाचा आधार. दोन्हीकडून बसतो. चित्रात एक बाण आणि ठळक अक्षरात: 'खाच डावीकडे असल्याची खात्री करा.'

मी खाच उजवीकडे ठेवते. नेहमी. ताईने तशीच दाखवली होती.

१६ मार्च

सकाळी ताईसमोर पत्रक ठेवलं, पायरी अकरावर बोट ठेवून. ती तिच्या जागी पाय वर घेऊन बसली होती. पाय खाली घेतले. मग म्हणाली:

"मला तेव्हाच कळलं होतं गं. उलटा चिकटला होता. काढायला गेले असते तर तुटला असता, आणि तू आधीच रडायच्या बेतात होतीस. म्हटलं, सांगावं काहीतरी."

काहीतरी. पळायच्या तयारीत असलेली गाडी, एक पाय उचललेली, हे ते काहीतरी.

विचारलं, मी कंपनीला पत्र लिहिलं तेव्हा का बोलली नाहीस? म्हणाली, तेव्हा सांगायचंच होतं, पण तू इतकी मन लावून आलेख काढले होतेस. लहानपणी आणखी काय काय सांगितलं होतंस त्याची यादी मागितली. ताई म्हणाली, यादी मोठी आहे, आणि माझ्यासाठी चहा ओतायला लागली.

चहा घेतला नाही.

सहा गाड्या मी चुकलेल्या मास्टरशी ताडून पाहिल्या. आमच्या धंद्यात याहून वाईट काही नसतं. एखादा पार्ट चुकला तर एक पार्ट जातो. मास्टर चुकला तर त्याच्याशी ताडून पास केलेलं सगळं परत बोलवावं लागतं. पंधरा वर्षांचं.

२२ मार्च

घरातलं वातावरण पूर्ण सामान्य आहे. ताईशी बोलणं चालू आहे. आज एकूण शब्द अकरा. त्यातले चार 'गॅस बंद केलास का'.

अंदाजेच्या गाडीचा आरसा सापडला, आमच्या दारातल्या पायपुसण्यावर. एका पाकिटात घालून ठेवला. सापडलेला भाग परत करायचा असतो, इतकंच. त्याच्यासाठी म्हणून नाही.

२४ मार्च

ताईची बांधाबांध सुरू. खोकी तिने नुसत्या अंदाजाने भरली, दोन फुटली. मी पुन्हा भरून दिली. कामाच्या दर्जाचा प्रश्न होता.

तिने पुन्हा विचारलं, मला गाडी देणार होतीस ना? नवा माल यायला अजून दहा दिवस. मुदत पाळता येणार नाही. एकच मार्ग उरला: क्र. ५ मधला आधार काढून नीट बसवणं. पातळ पातं, गरम पाणी, चाळीस मिनिटं संयम.

तुटला.

तेरा वर्षांची असताना ताईने बांधलेला अंदाज बरोबर होता.

३० मार्च, दुपारी ४

सकाळी सह्या झाल्या. साक्षीदारांत मी. कारकून म्हणाला, नाव पूर्ण लिहा. पूर्णच लिहिलं होतं, फक्त अक्षर बारीक होतं. बाहेर आल्यावर अंदाजेच्या हातात आरशाचं पाकीट दिलं. तो इतका खूश झाला की मला दुसरीकडे पाहावं लागलं.

घरी आल्यावर सहाच्या सहा गाड्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि ताईला सांगितलं की सगळ्या नामंजूर आहेत, यातली सर्वांत कमी वाईट निवड. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ कपाटाकडे गेली, बुटांचं खोकं काढलं आणि नेलपॉलिशची गाडी उचलली. मी म्हटलं तो मास्टर आहे, जागचा हलवायचा नसतो.

ताई म्हणाली, "चुकलेला मास्टर ठेवून काय करणार आहेस? दे मला. चूक माझी आहे, मी सांभाळते."

यावर नियमात उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. दोष माहीत असून माल स्वीकारायचा असेल तर टॅग लागतो. बॅगेत एक पिवळा निघाला. भरला. वस्तू: हॅचबॅक, १:२४. दोष: डावं मागचं चाक, ०.८ मिमी वर. कारण: या रकान्यावर जरा वेळ गेला. शेवटी लिहिलं, 'पळायच्या तयारीत.' तपासणाऱ्याची सही मी केली. घेणाऱ्याची सही ताईने केली. आज दिवसभरातली तिची दुसरी सही, आणि ही करताना तिला रुमाल लागला.

मला लागला नाही. मी टॅगचा दोरा बांधत होते, त्याला दोन्ही हात लागतात.

तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली. खरी. अंदाजे म्हणाला, अंदाजे सहा तासांत पोचू.

३० मार्च, संध्याकाळी ७

फायद्यांची यादी पुढे चालू करायची होती. पूर्ण टेबल. बाकी सुचले की लिहीन.

५ एप्रिल

काकांचा फोन, माल आलाय. गेले. त्यांना माफ केलेलं नाही, एक खोकं घेतलं. ते म्हणाले, सहा झाली, आता तरी जमेल. मी म्हटलं आता फक्त एकच.

१२ एप्रिल, सकाळी १०

क्र. ७ पूर्ण. सूचनापत्रक उघडून, ओळ न् ओळ दोनदा वाचून. खाच डावीकडे.

काचेच्या प्लेटवर ठेवली. चारही चाकं टेकली. ०.०५ ची पट्टी गेली नाही.

१३ एप्रिल, संध्याकाळी ६

जेवणाच्या सुट्टीत मशीनवर मोजली. जास्तीत जास्त फरक ०.०२. हिरवा टॅग बांधला. साहेबांनी पाहिलं, मान हलवली, म्हणाले मग आता? मी म्हटलं, संपलं. प्रकल्प पूर्ण.

घरी आणून टेबलावर ठेवली. बोटाने एक कोपरा दाबला. दुसरा दाबला. हलत नाही. पार्क केल्यासारखी दिसते. मालक लांब गेला असावा आणि इतक्यात परत येणार नसावा, अशी.

ताईला मेसेज केला: ०.०२. तिचं उत्तर लगेच आलं: "म्हणजे किती?" लहानपणापासून ती हेच विचारते, आणि दरवेळी मी तिला केसाच्या जाडीपासून समजावून सांगते.

आज लिहिलं, "अंदाजे शून्य."

टेबलाची टेप अजून काढलेली नाही. मी माझ्याच बाजूला बसते. नीट पाहिलं तर उजेड इकडेही पुरेसा आहे.

उद्या काकांकडून आठवं खोकं आणायचं. खाच उजवीकडे ठेवून एक करून पाहायला हवी. फक्त तुलनेसाठी.